जुनं प्लगइन असू द्या म्हणालो

कुलूप मी अगदी बराबर बसवलं. फक्त त्याच्या शेजारचं दार उघडं ठेवलं.

पुण्याच्या एका कंपनीचं काम मी पुसेगावच्या घरी बसून करतो. आमचे प्रोग्रामर कोडची पॅकेजेस ज्या खासगी कोठारात ठेवतात, त्याला रजिस्ट्री म्हणतात. तिथं येणाऱ्याचं नाव आणि पासवर्ड तपासणारं नवं प्लगइन मला बसवायचं होतं. आईच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून मी गावीच होतो. हे काम तिथून नीट जमलं तर राहा, नाहीतर पुण्याला या, असं टीमच्या मॅडमनी साफ सांगितलेलं. तेव्हापासून आई रोज उठल्यावर विचारायची, "हाईस नं रे आज?"

व्हिडिओ कॉलवर मॅडमनी एक बनावट नाव टाकलं. प्लगइननं नाकारलं. मी मिशीत हसलो. मग त्यांनी त्याच नावानं नवं खातं उघडलं आणि सरळ आत आल्या.

"हे कसं काय?"

बघतो तर सेटिंगमध्ये दोन प्लगइनं, एकाखाली एक. पहिल्यानं नाही म्हटलं की रजिस्ट्री दुसऱ्याला विचारते. दुसरं म्हणजे आमचं जुनं, येईल त्याचं नाव लिहून घेऊन आत सोडणारं. ते मी काढलंच नव्हतं. चालू वस्तू टाकून द्यायची आमच्या घरात रीतच नाही.

"मॅडम, ही आमच्या घरची पद्धत झाली," मी म्हणालो. "मी मोबाईल देत नाही म्हटलं की लेकरं आजीकडं जातात. आजी कुणालाच नाही म्हणत नाही."

"मग आजींना काढा."

मागून खाटेवरून आईचा आवाज आला, "मला काहून काढून राहिला रे?"

आता मात्र मॅडम हसल्या. मी जुन्याची ओळ पुसली, रजिस्ट्री पुन्हा चालू केली. बनावट नावाला नकार मिळाला, खातंही उघडेना. खऱ्या नावानं त्या आत आल्या.

"ठीक आहे. राहा तिथंच. आईंना जपा."

मी ऐटीत स्वयंपाकघरात जाऊन बायकोला बातमी सांगितली. ती भाकरी थापतच होती.

"आईंना मी सकाळीच सांगून टाकलं व्हतं, तुमी कुठं जाऊन न्हाई राहिले म्हणून. दोन घास जास्त जेवल्या त्या. तुमचं जमलं नसतं, तर ते घास काय मी परत मागणार व्हते?"