उभे काटे

अकोल्याच्या जुन्या शहरात गोवर्धन मिस्तरी गाड्यांना इंजिनचं तापमान, तेलाचा दाब दाखवणारे काट्याचे मीटर बसवतो. हात गुणी, जीभ विषारी. काळीपिवळी प्रवासी जीपमधला कंपनीचा मीटर बंद पडला की मालक त्याच्याचकडे येतात. तो आधी त्यांची अक्कल काढतो, मग काम हातात घेतो.

त्याची रीत वेगळी. ड्रायव्हरला स्टेअरिंग धरून बसवायचं आणि त्याच्या नजरेसमोर मीटर लावायचे. इंजिन चालवून, सगळं ठीक असताना काटा जिथे थांबतो ती जागा वर येईपर्यंत अख्खा मीटर फिरवायचा. म्हणजे काटे उभे तर गाडी ठीक. आकडे तिरपे होतात, पण ते कोण बघतो?

शेषरावांच्या गाडीवरचा श्याम याच रीतीवर पोट भरत होता. पन्नाशीत त्याला जवळचे आकडे दिसेनासे झाले होते, आणि शेषराव चष्मेवाला ड्रायव्हर ठेवत नाहीत हे साऱ्या स्टँडला माहीत. त्याने एकट्या गोवर्धनला सांगितलं. "आकडे पाहूच नको," गोवर्धन म्हणाला. "काटा उभा हाय ना, मंग बिनधास्त चाल."

बरंच निभावलं. मग उन्हाळ्यात शेषरावांचे जावई गाडीत पुढे बसले आणि हसले. "मामाजी, मिस्तरी पेला होता का? आकडे वाकडे दिसून राहिले."

शेषरावांना ते झोंबलं. श्याम गावी गेलेला असताना ते गाडी घेऊन दुकानात आले. गोवर्धनने रीत समजावली, त्यांनी ऐकली नाही. "मले आकडे सरळ पायजेत." गोवर्धन भडकला आणि मीटर फिरवून मोकळा झाला. श्यामला एक फोन करायचा, तो त्याने केला नाही. होऊ दे मालकाचं नुकसान, जिरू दे त्याची, असा विचार. मला या माणसाची चीड येते ती इथे.

श्याम परतला, सीटा भरून निघाला. सपाटीवर तापमानाचा काटा डावीकडे कललेला दिसला, तेव्हा इंजिन अजून तापलं नाही असं त्याने धरलं. पातूरच्या पुढे चढावर काटा उभा राहिला. आता उभा म्हणजे पाणी उकळतंय. श्यामला बरं वाटलं, त्याने गाडी दामटली. चढावरच इंजिन जाम झालं.

शेषराव त्याला घेऊन दुकानात आले. "मीटर खराब होता का, मिस्तरी?"

"काटा उभा होता," श्याम म्हणाला. "गोवर्धनभाऊ, तुमीच सांगा ना मालकाले."

श्यामला कळवलं नाही हे खरं सांगितलं असतं तर शेषरावांच्या साऱ्या गाड्या हातच्या गेल्या असत्या. गोवर्धन तोंडातला तंबाखूचा खर्रा थुंकला. "मीटर बरोबर होता. याले आकडेच दिसत नाईत, मंग मीटर काय करन?"

शेषरावांनी मोबाईल श्यामच्या हातात दिला. "वाच."

श्यामने तो लांब धरला, मग हात ताणून आणखी लांब. दुकानातली माणसं हसली, गोवर्धनही हसला. शेषरावांनी मोबाईल परत घेतला आणि तिथेच उभं राहून दुसऱ्या ड्रायव्हरला फोन लावला.