वर्षाच्या मसाल्यातलं दगडफूल

मसाल्यात घालतात ते दगडफूल म्हणजे एकटा जीव नव्हे. बुरशी असते आणि तिच्या पोटात हिरवं शेवाळ असतं. शेवाळ उन्हावर अन्न तयार करतं, बुरशी ते खाते. शिवाय बुरशी एक कडू आम्ल बनवते. त्या आम्लाने शेवाळाचं काय होतं, हा माझ्या एम.एस्सी.चा विषय. सरांचा तर्क असा, की आम्ल जास्त झालं तर शेवाळ मरेल. थोडं थोडं मिळालं तर मरणार नाही, वाढणारही नाही, नुसतं अन्न पाझरत राहील. हे ऐकताना मला माझी थोरली जाऊ दिसली.

चिंचवडातलं आमचं सासर शेतकऱ्याचं. नवरा पिंपरीत औषधांच्या कारखान्यात होता आणि मी रोज आगगाडीने पुण्याला कॉलेजात जायचे. जाऊबाईंनी सरळ 'जाऊ नको' कधी म्हटलं नाही. गाडीची वेळ झाली की नेमकं त्यांचं डोकं दुखायचं आणि भाकऱ्या माझ्या गळ्यात पडायच्या.

हिवाळाभर दर रविवारी देहूरोडच्या टेकड्या पालथ्या घालून मी दगडफूल खरवडून आणलं. वाळलं तरी ते जिवंत असतं, पाणी मिळालं की पुन्हा हिरवं होतं. म्हणून कागदावर पसरून माळ्यावर ठेवलं आणि हात लावू नका असं जाऊबाईंना बजावलं. वैशाखात एक दिवस घरी आले तर दारातच खमंग वास. माझं सगळं दगडफूल तेलात तळून, मिरच्या-धण्यांबरोबर कुटून वर्षाच्या मसाल्यात गेलं होतं.

"आक्का, ते माझ्या परीक्षेचं होतं!"

"म्या काय जानू? मसाल्याचंच हाय की. वास बघ धाकटे, कसा झ्याक सुटलाय."

सगळे हसले. नवराही हसला. त्या हसण्याचा मला आजही संताप येतो.

मी रडले नाही, ताटं वाढली. नव्या मसाल्याची आमटी सगळ्यांनी नावाजली. थोरल्या दिरांनी पुन्हा वाटी पुढे केली, तेव्हा मी सांगितलं, "त्या दगडफुलावर कॉलेजातलं औषध मारलं होतं. कीड लागू नये म्हणून."

धडधडीत खोटं. दीर तसेच परसात धावले आणि घशात बोटं घालून ओकले. जाऊबाईंनी अख्खी बरणी स्वतःच्या हाताने उकिरड्यावर रिकामी केली. मी शेजारी उभं राहून बघितलं आणि मला फार बरं वाटलं.

परीक्षा बुडाली ती बुडालीच. पुढच्या हिवाळ्यात मी पोटुशी होते, टेकड्या कुठल्या चढणार? पण दर वैशाखात जाऊबाई सुपात मसाल्याचं सामान घेऊन माझ्यापुढे बसू लागल्या. "बघ गं, काय न्हाई ना ह्यात?" मी एकेक जिन्नस उजेडात धरून बघे, मुद्दाम वेळ लावी.

शेवटच्या आजारपणात त्यांनी माझा हात धरला. "ते औषद लई इखारी हुतं का गं? तवापासनं माझ्या पोटात काय धड न्हाई."

"हो," मी म्हटलं, "फार विखारी होतं."