दाजींचा आवाज आणि एक नंबरची डिस्क

माझ्या आक्काच्या नवऱ्याचा आवाज मी पुसला. वीज कमी-जास्त झाली नव्हती, अर्थिंग बिघडलं नव्हतं, डिस्क जळली नव्हती. मी पुसला, माझ्या हातानं, भर दुपारी, पूर्ण शुद्धीत. हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

मी गंगाखेडला कारकुनी करतो. पन्नाशी आली. विमानात एकदाही बसलेलो नाही, पण घरच्या कॉम्प्युटरवर विमान चालवायचा मला नाद आहे. पडद्यावर खरी जमीन दिसते, हातात दांडा धरायचा आणि उडायचं. नांदेडहून उठायचं, गोदावरी धरून वर यायचं आणि आपलं गाव शोधायचं, एवढाच माझा प्रवास. पण जुन्या डिस्कवर जागा नव्हती. निम्मी नदी दिसायची, निम्मी राखाडी. ऐन गावावर आलो की चित्र थिजायचं आणि विमान उसात. म्हणून मी नवी डिस्क आणली, फक्त विमानासाठी.

कॉम्प्युटरच्या पेटीत आधीच्या दोन डिस्क होत्या. एकीवर सगळा कारभार चालायचा. दुसरी घरची. तिच्यावर फोटो, सातबारे, लग्नपत्रिका आणि दाजींचा आवाज.

दाजी मानवतच्या मोंढ्यात कापसाच्या लिलावाची बोली पुकारायचे. हंगामात तिकडंच राहायचे, आक्का राणीसावरगावला शेतात. त्यांना फोनवर टाइप करायचा कंटाळा, म्हणून ते बोलूनच निरोप पाठवायचे. दिवसभर ओरडून घसा बसलेला असायचा, त्याच घशानं. "ऐकायलीस का, शेंगा भाजून ठेव, शनिवारी येतो." एकदा माझ्यावर होता: "तुझा भाऊ विमान उडवायलाय म्हणं. त्याला म्हणावं एकदा मोंढ्यात उतरव, कापूस भरून देतो." असे शेकड्यानं निरोप. दाजी गेल्यावर आक्काचा फोन मरायला टेकला, तेव्हा ती एष्टीनं माझ्याकडं आली. म्हणाली, "यातलं सगळं काढून ठेव. तुझ्यापशी असलं की मला घोर न्हाई." मी काढून ठेवलं. महिनाभरात तिचा फोन बंदच पडला.

नवी डिस्क घरच्या डिस्कची जुळी बहीण होती. एकाच कंपनीची, तेवढीच मोठी. त्याची मला फिकीर वाटली नाही. मी कारकून माणूस, नंबर पडला की वस्तू ठरली. कॉम्प्युटर डिस्कांना आपणहून नंबर देतो. कारभाराची शून्य, नवी एक, घरची दोन. वहीत लिहून खाली रेघ मारली.

पुढचे चार दिवस मी आयुष्यात कोणावर चिडलो नसेन तेवढा त्या नव्या डिस्कवर चिडलो. आधी तिला वेगळ्याच पद्धतीनं तयार केलं होतं, ती विमानाला चालेना. पुसली. दुसऱ्यांदा नेटवरून निम्मं उतरलं आणि लाइट गेली. पुसली. तिसऱ्यांदा सगळं नीट चाललंय म्हणेपर्यंत कळलं, की हे बेणं सगळा माल शून्य नंबरवरच टाकायलंय, आणि वर मलाच सांगायलंय, जागा नाही. अरे, अख्खी डिस्क मोकळी पडलीय, डोळे फुटले का? कॉम्प्युटरला शिव्या देणारा माणूस कसा दिसतो ते मला बायकोच्या तोंडावरून कळायचं. चौथ्यांदा काय चुकलं ते मला आजही माहीत नाही. पुसली.

"चार दिस झाले," बायको दारात उभी राहून म्हणाली, "तुमचं विमान जागचं हाललं न्हाई. आपली एष्टी लय बरी. धक्का मारला तरी निघती."

त्यातच खंडेनवमी आली. आमच्या घरी त्या दिवशी विळी, कोयता, मोटारसायकल, सगळ्याची पूजा असते. कॉम्प्युटरवर नुसतं फूल वाहून मी उठलो, तर बायको म्हणाली, "त्या पेटीत इतके दिस काय काय खुपसायलात, ते बाहेर काढा. झाकल्या हत्याराची पूजा न्हाई होत."

"त्याला हात लावू नको गं, लय मेहनतीनं बसवलंय."

"मी कशाला हात लावू? तुमीच काढा."

काढल्या. तिन्ही डिस्क पाटावर मांडल्या, हळदीकुंकू, झेंडू, नारळ. आरती झाली, तिन्ही फडक्यानं पुसून मी परत पेटीत बसवल्या. कोणती कुठल्या वायरला होती हे पाहिलं नाही. नंबर वायरीला असतो, डिस्कला नव्हे, हे मला ठाऊक नव्हतं.

दसऱ्याच्या दुपारी पाचव्यांदा बसलो. डिस्क पुसायची एक काळी खिडकी असते. तिच्यात नाव दिसत नाही, फोटो दिसत नाहीत. नुसता नंबर आणि आकार. दोघींचा आकार सारखा. वही उघडायचीही गरज नव्हती, चार वेळा केलेलं काम. बोटांनी आपणहून एक लिहिलं. मी वैतागलेलो होतो. एकदाचं होऊ दे, एवढंच डोक्यात. पापणी लवायच्या आत झालं.

आणि या वेळी सगळं सुरळीत चाललं. दोन दिवस त्या डिस्कवर नद्या, शेतं, घरं उतरत राहिली. तिसऱ्या दिवशी नांदेडहून उठलो. गोदावरी सलग, कुठंही राखाडी नाही. गंगाखेडचा पूल दिसला, घाट दिसला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते मी कधीच विसरू शकत नाही. दाजींच्या आवाजावरून विमान उडवत होतो आणि मला आनंदानं रडू येत होतं.

चार दिवसांनी एक सातबारा हवा होता म्हणून घरची डिस्क उघडली. कोरी. पेटी उघडली, वायरी पाहिल्या आणि समजलं, पूजेनंतर बसवताना दोघी जुळ्यांची अदलाबदल झाली होती, एक नंबर घरचीला गेला होता. पुसलेलं परत आणायचे दोन-तीन प्रोग्रॅम चालवले. जिथं तिथं विमानाचाच माल निघाला. खाली काही उरलं नव्हतं.

त्याच आठवड्यात आक्काचा फोन. वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. "त्या दिवशी त्यांचा आवाज लावू, पोरींना ऐकू दे."

मी म्हणालो, "आक्का, डिस्क जळाली गं. करंट जास्त आला. अर्थिंग नीट न्हाई म्हणतेत."

म्हणतेत. कोण म्हणतेत? कोणीच नाही. पण अर्थिंग नुकतंच आमच्या गल्लीतल्या वायरमननं घातलं होतं, आणि हे आक्काला ठाऊक होतं. आक्का श्राद्धाच्या सामानासाठी गंगाखेडला आली आणि आधी त्याला चौकात गाठलं. "माझ्या माणसाचा आवाज जाळलास की रं मेल्या! तुला कुणी वायरमन केलं?" चहाच्या टपरीवरची माणसं बघत होती. मी पिशवी धरून मागं उभा होतो.

तो दुसऱ्या दिवशी आपणहून घरी आला. खड्डा उकरला, मीटर लावून पाहिलं, परत पाहिलं. "साहेब, अर्थिंग तर बरोबर हाय. पण ताई म्हणायल्यात तर असंल माझंच काई." नवी पट्टी घालून गेला, चहासुद्धा घेतला नाही. तेव्हापासून गल्लीतल्या कोणी त्याला काम दिलेलं मी पाहिलेलं नाही.

आक्कानं जळकी डिस्क मागितली. जळकी कुठून देणार? दुरुस्तीच्या दुकानातल्या भंगारातून एक मेलेली डिस्क उचलली आणि दिली. तिनं ती दाजींच्या मफलरात गुंडाळून ट्रंकेत ठेवली. वाटलं, संपलं.

संपलं नाही. गेल्या आठवड्यात तिला कुणीतरी सांगितलं, पुण्यात जळक्या डिस्कातून आवाज काढून देतात. तिचा फोन आला, आवाजात दाजी गेल्यापासून न ऐकलेला हुरूप. "रविवारी जाऊ. तू संगं चल, मला त्या दुकानदाराचं बोलणं समजायचं न्हाई. निघंल का रं?"

मी म्हणालो, "बघू."

"बघू काय? तुला वाटतं का न्हाई निघंल म्हणून?"

"निघंल," मी म्हणालो.

तिनं सोमवारची सुट्टी टाकायला लावली, मी टाकली. त्या डिस्कमध्ये कोणाचा हिशोब असेल, कोणाच्या लग्नाचे फोटो असतील, मला माहीत नाही. दाजी त्यात कधीच नव्हते. काचेच्या टेबलापलीकडचा कोणी माणूस तिला ते सांगेल आणि मी शेजारच्या खुर्चीवर असेन.

आक्काला खरं सांगणं बाकी आहे, आणि ते रविवारच्या आधी. वायरमनची माफी मागणं बाकी आहे, चौकात, सगळ्यांच्या देखत. दाजींचा आवाजही मी देणं लागतो. तो माझ्याकडं नाही.