एका पायाची तीन मापं

"साडी वर घे."

डॉक्टर माझ्याकडे न बघताच बोलले. टेबलाभोवती सहा शिकाऊ डॉक्टर. पडदा नव्हता. मी साडी वर घेतली.

मी भडगावकडची, बौद्धवाड्यातली. तेव्हा बावीस वर्षांची. लहानपणी मांडीचं हाड मोडलं, वाकडं जुळलं, डावा पाय आखूड राहिला. नव्वदीच्या सुरुवातीला धुळ्याच्या एका कचेरीत अपंगांसाठी टायपिस्टची जागा निघाली. दाखला हवा होता. म्हणून आबा, माझे वडील, मला घेऊन जळगावातल्या एका दवाखान्यात आले होते.

डॉक्टरांनी मला हात लावला नाही. टेप वॉर्डबॉयकडे दिली. त्यानं ती परकरावरूनच धरली, कमरेच्या हाडापासून घोट्यापर्यंत. दोन्ही पाय मोजले.

"तीन सेंटिमीटर फरक, साहेब."

पुन्हा मोजले. दीड. तिसऱ्यांदा एक.

शिकाऊ पोरं हसली. डॉक्टर म्हणाले, "कंबर वाकडी करून पडते ही. एका सवलतीत भागत नाही यांचं."

यांचं. अर्जावर जात लिहिलेली होती.

त्यांनी कागदावर लिहिलं, एक सेंटिमीटर, अपात्र. म्हणाले, "माप मान्य म्हणून सही कर."

आबा दारातून म्हणाले, "करी टाक वो माय. बठ्ठं त्यासना हातमा शे." सगळं त्यांच्या हातात होतं, हे खरंच.

पेन हातात घेतलं.

"सर, मापं तीन निघाली. कागदावर एकच का?"

मी टेबलावर उठून बसले.

"मला उभं करा. आखूड पायाखाली लाकडी पट्ट्या ठेवा. कंबर सरळ होईल तेवढ्या मोजा. धुळ्याचा, आखूड पायासाठी बूट करणारा कारागीर असंच मोजतो, हाडं हातानं चाचपून. त्यानं माझा पाय दोनदा मोजला, दोन्हीदा माप तेच आलं."

"मग दाखलाही त्याच्याचकडून घे."

पुन्हा हसले सगळे. मी पेन खाली ठेवलं.

"सही करणार नाही."

परतीच्या गाडीत आबा माझ्यापासून लांब जाऊन बसले. जागा गेली. तक्रार केली, उत्तर आलं नाही. लग्न होऊन रावेरला आले. केळीचे घड पाल्यात बांधते, दिवसभर उभ्यानं. आता उजवा गुडघाही गेला.

पुढच्या महिन्यात अपंगांच्या दाखल्यासाठी तपासणीचं शिबिर आहे म्हणतात. जाणार. पुन्हा अपात्रच लिहितील, माहीत आहे. पण त्या टेबलावर मी आडवी होणार नाही. उभीला मोजा. हात लावून मोजा. नाहीतर मोजू नका.