न मागता वाचवलेली कुत्री

लिहिणं हे काही माझं काम नव्हे, म्हणून आधीच माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि असं काही लिहायला बसलेलाही पहिलाच. तरी खरं ते सांगतो. गेल्या हिवाळ्यात मी एका कुत्रीचा जीव वाचवला. तिला कसलाही धोका नव्हता.

पेणमध्ये आम्ही पाच-सहा मुलं भटक्या कुत्र्यांसाठी काम करतो. आमचा पहिला नियम : कुत्रं उचलण्याआधी आसपास चौकशी करायची. (हा नियम मीच सुवाच्य अक्षरात लिहून भिंतीवर चिकटवलाय!) त्या दुपारी काकांच्या टेम्पोतून रोह्याला गेलो होतो. रोह्याला लागूनच असलेल्या अष्टमी गावात एका शिलाईच्या दुकानाच्या पायरीवर हाडकुळी कुत्री निपचित पडलेली. दुकान जेवणाच्या सुट्टीसाठी बंद. अर्धा तास थांबलो असतो तर कोणीतरी भेटलं असतं, पण जीव वाचवणारा माणूस थांबतो का?

"काका, मरायला टेकलीय ती!"

"झोपली हाय ती."

"अशक्तपणा आहे हो!"

मी बिस्कीट दाखवलं. मरायला टेकलेली कुत्री उडी मारून टेम्पोत बसली.

घरी आईनं तिला एकदाच पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अरे शाण्या, ही तर बाळंतीण हाय! दूध बघ किती भरलंय! हिची पिल्लं कुठं हायेत?"

मी नियमांचा कागद आठवून पाहिला. त्यात पिल्लांचा पत्ता नव्हता.

"बारकी असली तर उपाशी मरतील ती. चल, मी पण येते."

"तू कशाला?"

"तू एकटा गेलास तर पिल्लांच्या जागी कुणाचा बोकड उचलून आणशील!"

पुन्हा टेम्पो, पुन्हा रोहा. नागोठण्याच्या अलीकडे कुत्री ओकली. बसली होती आईच्या मांडीवर, ओकली माझ्या अंगावर.

"ओळखलंन तिनं तुला," आई म्हणाली.

मला हसू येईना. डोळे न उघडलेली पिल्लं सारखी समोर दिसत होती.

अष्टमीत दुकान उघडं होतं. टेम्पो थांबताच कुत्री थेट शिलाई मशीनच्या मागे धावली. तिथे खोक्यात, ब्लाउजांच्या चिंध्यांवर चार पिल्लं! दुकानातल्या मावशी कापसाच्या बोळ्यानं त्यांना दूध पाजत होत्या.

"राणी, कुठं गेलतीस गो?" मावशींना रडूच फुटलं. पिल्लं राणीला अशी लुचली की खोकं आडवं झालं. "कुणी नेलीन हिला?"

"ह्यानं. माझाच हाय," म्हणत आईनं मला पुढे ढकललं.

मी हात जोडले. "चुकलो, मावशी. पिल्लं मोठी झाली की हिचं नसबंदीचं ऑपरेशन, सगळ्यांच्या लशी आम्ही करू."

"करा. पण नेताना विचार हां!" मावशी डोळे पुसत हसल्या, आणि त्यांनी सगळ्यांना चहा पाजला.

परतताना मी मोबाईल उघडला. एक बातमी दुपारपासून फिरत होती : 'सावधान! रोह्यात कुत्री पळवणारी टोळी.' सोबत समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यातला फोटो. त्यात काकांचा टेम्पो, आणि हातात बिस्कीट घेतलेला टोळीचा म्होरक्या.

फोटो मी आत्ता पाहिला. बातमी मात्र दुपारीच पाच ग्रुपवर पुढे पाठवली होती, वर स्वतः लिहून : 'अशा नराधमांना सोडू नका!'