वहिनींची टपालपेटी

शेजाऱ्याची बँकेची पत्रं चोरून कुणीतरी त्याच्या नावावर कर्ज काढलं, तेव्हापासून वहिनींनी टपालपेटीची धास्ती घेतली. त्यांचं नवं कार्ड टपालानेच यायचं होतं. मी जन्मभर वेल्डिंग केलेलं. पट्टी जोडून पेटीची फट अरुंद केली. कार्डाचं पाकीट त्यातून जाईना, म्हणून पोस्टमन ते पेटीवरच ठेवून गेला. नशीब, वहिनींनीच आधी पाहिलं.

"भावजी, चोराबरोबर पोस्टमनलाही हाकललंत. अजून पिन यायचाय."

मी पट्टी कापून काढली आणि आतून उतरता पत्रा बसवला. वहिनींनी पाकीट टाकलं, ते घसरून तळाशी गेलं. मग हात घातला. तो मनगटाशी अडकला.

"हात बाहेर ओढून बघा," मी म्हणालो.

"निघत नाही," त्या खुशीत म्हणाल्या. "काम चोख झालं. सुनेला सांगा, चहा तूच टाक."