डंकासमोरचं बाकडं

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे चुलत्यांच्या दुकानाची वेबसाइट आधी मलाच दिसली, सायबर कॅफेत. 'आमच्या कारखान्यातली घरगुती चटणी' असं वर लिहिलेलं, आणि खाली फोटो आईच्या डंकाचा. मिरची कांडायचं ते यंत्र आमच्या शेडमध्ये होतं. फोटोत मुसळाशेजारी आईचा हात कोपरापर्यंत दिसत होता. चेहरा कापलेला.

चुलते आईची चटणी, म्हणजे डंकात कांडलेलं मसाल्याचं तिखट, आपल्या पाकिटात भरून विकत, हे माहीत होतं. ते नेत म्हणून डंक वर्षभर चालायचा, म्हणून आई गप्प. मला मात्र तो कापलेला चेहरा सहन झाला नाही. विचारायला गेलो, तर ते दुकानात सगळ्यांसमोर म्हणाले, "शिकल्यालं पोरगं हाय, येवढं कळंना व्हय? डंक तिचा, पर गिऱ्हाईक माझं."

गिऱ्हाइकं हसली. घरी परतताना ठरवलं, आईची वेबसाइट काढायची.

राजारामपुरीतला वेबसाइटवाला दर पानामागे पैसे घ्यायचा. डोमेन आणि होस्टिंगचे वेगळे, ते दर वर्षी. फोटो त्याने काढले तर आणखी. हंगामातून आईने बाजूला ठेवलेल्या पैशांत तीन पानं बसत होती. पहिलं चटणीचं, दुसरं दरांचं आणि फोन नंबरचं. तिसरं मी चुलत्यांसाठी राखलं. त्यावर त्यांची लबाडी लिहायची होती. लिहिताना बरं वाटायचं. वाचून बघितलं की वाटायचं, भाऊबंदकी वाचून चटणी कोण मागवणार?

फोटो काढायच्या दिवशी गारगोटीकडची एक बाई बाकड्यावर बसली होती. आपली मिरची घेऊन आलेलं गिऱ्हाईक कांडून होईपर्यंत डंकासमोरून हलत नाही. दुसऱ्याची हलकी मिरची आपल्यात मिसळेल, ही धास्ती. नाकाला पदर लावून, शिंकत, तिने डंकावरची नजर काढली नाही. तेव्हा मला सुचलं. चुलत्यांकडे दुकान होतं, पाकिटं होती. असं बाकडं नव्हतं.

तिला विचारून तोच फोटो तिसऱ्या पानावर टाकला. शेजारी आई, पूर्ण चेहऱ्यानिशी. खाली लिहिलं, 'समोर बसून चटणी कांडून घ्या. जिथं बसू देत नाहीत, तिथं का ते विचारा.'

पुढच्या उन्हाळ्यात बाहेरगावची माणसं चुलत्यांना कारखाना दाखवा म्हणू लागली. आज बंद आहे, असं ते सांगत. मग माणसं पत्ता विचारत आमच्याकडे येत. मी त्यांना पाणी द्यायचो आणि आधी कुठे गेला होता, ते मुद्दाम विचारायचो. उत्तर ठाऊक असायचं, तरी ऐकायचं असायचं.

डंकाला आता उसंत नव्हती. आईने चुलत्यांना तयार चटणी देणं बंद केलं. हंगाम संपता संपता ते स्वतः मिरचीचं पोतं घेऊन आले. आई जागची उठली नाही.

"बसा भावजी. नंबर हाय."

ते बाकड्याच्या टोकाला बसले. मिरचीचा खकाणा उठला आणि त्यांना ठसका लागला. शेडमध्ये पाणी द्यायचं काम माझं होतं. तांब्या माझ्या हातात होता. मी दिलं नाही.